ॲव्हरेजचा जमाखर्च

शंकेखोर : गेली कित्येक वर्षे मी तुम्हांला पाहतो आहे. बदलापूरहून कल्याणकडे जाताना तुमच्या मोटारसायकलचा काटा पंचेचाळिसावर असा काही खिळलेला असतो की, तो बिघडून तेथेच अडकला असावा अशी शंका यावी. मागून हॉर्न वाजतात, रिक्षावाले डावीकडून पुढे निघतात, कॉलेजातली पोरे मान वळवून पाहतात, आणि तुम्ही मात्र संध्येला बसलेल्या गृहस्थासारखे अविचल! पंपावर गेलात की टाकी गळ्यापर्यंत भरून घेता, खिशातली वही काढून लिटर आणि किलोमीटर टिपता, आणि घरी येऊन भागाकार करता. गाडी नवी असो वा जुनी, ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न आपल्याकडे नवरदेवाचा पगार विचारावा तसा विचारतात, हे मला ठाऊक आहे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली तेव्हा टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असे जाहिरात सांगत होती. तुमचे तेवढे विसरायचे मात्र राहून गेले. माझी तक्रार तुमच्या वहीविषयी नाही. काटा पंचेचाळिसावर ठेवला म्हणजे काही पुण्यकर्म घडते आणि साठावर नेला म्हणजे पाप, या तुमच्या श्रद्धेला आधार कोणता, एवढेच मला जाणून घ्यावयाचे आहे.

हिशेबी : आधार हवेचा. मी हे अलंकारिक अर्थाने बोलत नाही. आपण जिला पोकळी समजतो ती हवा चालत्या गाडीच्या वाटेत उभी असते, आणि तिला बाजूला सारण्याचे श्रम वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरांचा वेग ऐंशीवर गेला तर हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. मोटारीला निदान उतरते नाक आणि गुळगुळीत पाठ असते. मोटारसायकलवरचा माणूस ताठ बसलेला, खांदे उघडे, पावसाळ्यात तर रेनकोट शिडासारखा फुगलेला. इंधन मात्र चौपट जळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण टायरांचे घर्षण वेगाबरोबर फारसे वाढत नाही आणि इंजिनाचे स्वतःचे असे काही खर्च दोन्ही वेगांना भागवावेच लागतात. तरी जे जादा जळते ते थोडे नव्हे. काटई नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आषाढातला पश्चिमेचा वारा समोरून आला, तर त्याचा अनुभव कोणालाही येईल. वाऱ्याचा वेग वीस धरा आणि गाडीचा पन्नास. हवेच्या दृष्टीने तुम्ही सत्तराने चालला आहात, आणि तिचा विरोध जवळजवळ दुप्पट झालेला आहे. काटा पन्नासच दाखवतो आणि टाकी सत्तराची रक्कम वसूल करते. बदलापूर हे नावच येथे घोडे बदलले जात म्हणून पडले, अशी गावातली आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, घोड्यावर बसणाऱ्याला एक सोय होती: दौड जास्त झाली की जनावराच्या तोंडाला फेस येई, आणि स्वार समजे. आपल्या जनावराला फेस येत नाही, म्हणून मी वही ठेवतो.

शंकेखोर : घोड्याचा दाखला सुंदर आहे, पण हवेचा मामला येथे उपस्थितच होत नाही. ऐंशीचा वेग तुम्ही कोणत्या रस्त्याच्या भरवशावर बोलता आहात? काटईचा रस्ता पहाटे पाचला मोकळा असेल. त्या घटकेपुरते तुमचे म्हणणे मान्य. परंतु आपले नित्याचे जाणे-येणे बेलवली, चिखलोली, फॉरेस्ट नाका, विमको नाका आणि पुढे उल्हासनगरातला फर्निचर बाजार नि सतरा सेक्शन असे होते. उल्हासनगरचे रस्ते मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीसाठी आखलेले. फाळणीनंतर त्याच बराकींतून सिंधी निर्वासितांनी संसार थाटले, १९४९ साली छावणीला नवे नाव मिळाले, आणि आज त्याच रस्त्यांवर सोफे, कपाटे, जीन्सच्या पँटींचे गठ्ठे, शाळेच्या बसगाड्या आणि लाखो माणसे यांची एकत्र मिरवणूक चाललेली असते. तेथे सारे जण सक्तीने तुमच्याच वेगाने, किंबहुना त्याहून कमी वेगाने चालतात. मग तुमच्या सिद्धान्ताप्रमाणे तेथे ॲव्हरेज सर्वांत चांगले मिळाले पाहिजे, कारण हवा तर जवळजवळ स्वस्थ आहे. प्रत्यक्षात काय होते? पावसाळ्यात ज्या आठवड्यात रस्ता तुंबतो, त्याच आठवड्यात गाडी वेळेआधी रिझर्व्हला लागते. सावकाश जाणे म्हणजे काटकसर, हे समीकरण तुमच्या स्वतःच्या गावानेच खोटे ठरवले आहे.

हिशेबी : सावकाश जाणे म्हणजे काटकसर असे मी म्हटले असेल, तर ते ढिसाळपणे म्हटले; ते मी मागे घेतो. इंजिन हे बिऱ्हाडासारखे आहे. स्वयंपाक एकाचा करा की चौघांचा, भाडे आणि दिवाबत्ती चुकत नाही. पिस्टन, झडपा, साखळी यांचे घर्षण आणि अर्धवट मिटलेल्या वाटेने हवा आत ओढून घेण्याचे कष्ट हा तो ठरलेला खर्च. गाडी दुसऱ्या गियरमध्ये ताशी पंधराने रांगत असली तर तो सारा खर्च थोड्याशाच अंतरावर वाटला जातो, आणि उभी असली तर खर्च आहे नि अंतर शून्य आहे. म्हणूनच फार मंद वेगही महाग आणि फार तीव्र वेगही महाग. मधे कोठेतरी, लहान गाड्यांच्या बाबतीत साधारण चाळीस ते पन्नासाच्या आसपास, वरच्या गियरमध्ये, तळ सापडतो. अनेक कंपन्यांनी वेगमापकावर हिरवा पट्टा काढून दिला तो याच समजुतीने. पण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या पट्ट्यातही नाही. ते पायाखालच्या ब्रेकमध्ये आहे, आणि ते मला फार उशिरा कळले.

हा हिशेब मी एकदा रात्री कागदावर मांडला. गाडी एकशेदहा किलोची, वर मी सत्तर किलोचा. असे एकशेऐंशी किलो ताशी पन्नासाने धावत असताना त्यांच्या अंगी जी गतिज ऊर्जा असते ती सुमारे सतरा हजार ज्यूल भरते. पेट्रोलच्या लिटरात सुमारे तीन कोटी वीस लाख ज्यूल असतात, पण त्यांपैकी चाकापर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा पोचतो असे धरले, तर पन्नासाचा वेग एकदा अंगी आणण्याला पावणेतीन मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल लागते. साठाचे ॲव्हरेज देणारी गाडी तेवढ्यात एकशेसाठ मीटर गेली असती. आता पुढे रिक्षा थांबली म्हणून मी कचकन ब्रेक दाबतो; ते सगळे पावणेतीन मिलिलिटर ब्रेकच्या पट्ट्यांत ऊब होऊन नाहीसे होतात, आणि पुन्हा पन्नासावर जायचे तर नवे पावणेतीन मोजावे लागतात. बदलापूर ते कल्याण पंधरा किलोमीटर धरा. साठाच्या हिशेबाने ते पाव लिटरचे काम. त्यात असे वीस वेळा थांबलो तर पन्नासावर मिलिलिटर निव्वळ थांबण्याचे झाले, म्हणजे पाचवा हिस्सा. आणि यात एक गंमत अशी की, पूर्ण थांबलो नाही, नुसता वेग पन्नासाचा पंचवीस केला, तर अर्धेच नुकसान झाले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ऊर्जा वेगाच्या वर्गावर असल्याने तीन चतुर्थांश गेलेली असते. गतिरोधकापाशी आपण गाडी थांबवत नाही म्हणून मनाची समजूत घालतो, पण बारा आणे तर तेथेच टाकून आलेले असतो.

शंकेखोर : छान! तुमच्याच तोंडून माझा मुद्दा सिद्ध झाला. इतका वेळ ॲव्हरेज हा स्वाराच्या मनगटाचा गुण असल्यासारखे आपण बोलत होतो. आता निघाले की, ते ब्रेकवर अवलंबून आहे. माझा ब्रेक मग कोण दाबतो? खड्डा दाबतो. रात्रीतून कोणी विनापरवाना घातलेला गतिरोधक दाबतो. चौकात आडवी उभी राहिलेली रिक्षा दाबते, पाइपलाइनीसाठी खणून तसाच ठेवलेला चर दाबतो. पंचनामा केला तर त्यात माझे नाव शेवटी येईल. आणि तरीसुद्धा उपदेश मात्र सर्व मलाच! सरकारची पेट्रोलियम संवर्धन संस्था १९७८ पासून आम्हांला सांगत आली आहे की, सिग्नलला इंजिन बंद करा, टायरांत हवा पुरती ठेवा, मध्यम वेगाने चला. उपदेश खोटा नाही. पण खड्डे न बुजवणाऱ्यांच्या ब्रेकखाली किती पेट्रोल जळाले याची वही कोणी ठेवली आहे काय?

आणखी एक पाहा. बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंतच्या आपल्या गावांतल्या किती दुचाकी खरोखर कल्याणपर्यंत जातात? बहुतेकांची मजल घरापासून स्टेशनपर्यंत, दोन-तीन किलोमीटर. तेथे गाडी वाहनतळावर लावायची, लोकल पकडायची, रात्री परत. इंजिन गरम व्हायच्या आत प्रवास संपतो. गार इंजिनाला मिश्रण घट्ट लागते, तेल जाड असते, आणि त्यात लोकल चुकेल या धास्तीने गृहस्थ दुसऱ्या गियरमध्ये रेस देऊन पळवत असतो. त्याचा वेग कोण ठरवतो, तो की मध्य रेल्वेचे वेळापत्रक? आणि विटंबना अशी की, ज्या लोकलसाठी त्याने पेट्रोल उधळले ती स्वतः ब्रेक लावते तेव्हा तिच्या मोटारी जनित्राचे काम करतात आणि वीज वरच्या तारेत परत जाते. गाडीतल्या हजारो माणसांच्या गतीतला काही भाग तारेला परत मिळतो. हा एकटा स्वार मात्र स्टेशनच्या दाराशी आपली सारी गती ब्रेकच्या पट्टीत जाळून खाली उतरतो.

हिशेबी : लोकलचा दाखला मला मान्य आहे, आणि मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवीन. खड्ड्याविषयीही तुमच्याशी भांडण नाही. पण ब्रेक दुसरा कोणी दाबवतो हे खरे असले, तरी तो केव्हा दाबायचा हे पुष्कळदा माझ्या हाती असते. विमको नाक्याचा सिग्नल शंभर पावलांवरून लाल दिसत असताना तेथपर्यंत रेस देत जाऊन दहा पावलांवर ब्रेक मारणारे लोक मी रोज पाहतो. तीच गाडी शंभर पावलांवर रेस सोडून आपल्या गतीने वाहत नेली, तर हवा आणि टायर तिला फुकटात मंद करतात, आणि कधी कधी सिग्नल हिरवा होईपर्यंत ती चालतीच राहते. यात गियरची एक गोष्ट आहे, जिच्याबाबत मी वीस वर्षे चुकत होतो. उतार दिसला, सिग्नल दिसला की मी गाडी न्यूट्रलला टाकीत असे, आणि त्यालाच कौशल्य मानीत असे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ते तितकेसे गैर नव्हते. पण २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यापासून नव्या गाड्या इंजेक्शनच्या आल्या. त्यांत गियर असताना रेस पूर्ण सोडली, तर चाकच इंजिन फिरवते आणि पेट्रोलची धार बहुधा बंद होते. न्यूट्रलला टाकलीत तर इंजिन चालू ठेवण्यासाठी थेंब-थेंब द्यावाच लागतो. म्हणजे जे मी काटकसर म्हणून करीत होतो, ती नव्या गाडीत उधळपट्टी ठरली.

दुसरी चूक उलटी होती. निघताना गाडी अगदी हळूहळू, म्हाताऱ्याला जिन्यावर चढवावे तशी वाढवीत नेली म्हणजे इंधन वाचते असा माझा समज होता. पण इंजिनाला नुसते चाटवत ठेवण्यापेक्षा बेताचे ओझे देणे हे त्याच्या प्रकृतीला अधिक मानवते. थोडी ठाम रेस देऊन लवकर वरच्या गियरमध्ये जाणे हे पहिल्या-दुसऱ्यात रेंगाळण्यापेक्षा स्वस्त पडते. चौकाचौकांत अर्धा क्लच दाबून गाडी पुढेमागे झुलवत ठेवणारे पाहिले की मला आता त्यांची क्लच प्लेट डोळ्यांसमोर दिसू लागते.

शंकेखोर : हे सारे तुम्हांला वहीने शिकवले म्हणता. त्या वहीचीच आधी रुजुवात करू या. तुम्ही टाकी गळ्यापर्यंत भरता. गळा म्हणजे नेमके कोठे? एकदा पंपावरचा पोरगा नोझल पहिल्या टिकीला काढून घेतो, एकदा तुमच्या आग्रहाखातर फेस विरू देऊन आणखी घालतो. गाडी एकदा मधल्या स्टँडवर सरळ उभी, एकदा बाजूच्या स्टँडवर कललेली. चार लिटरांच्या भरण्यात यामुळे दोनशे मिलिलिटरांचा फरक सहज पडेल. तो झाला शेकडा पाच. साठाच्या ॲव्हरेजात शेकडा पाच म्हणजे तीन किलोमीटर. आणि तुम्ही मला मागे अभिमानाने सांगितलेत की, वेग कमी केल्यापासून गाडी तीन किलोमीटर जास्त देऊ लागली!

शिवाय पेट्रोल तरी तेच आहे का? त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, आणि इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणजे मिश्रणाच्या लिटरामागे सहा-सात टक्के ऊर्जा आरंभीच वजा. उसाच्या शेतकऱ्याला दोन पैसे मिळत असतील तर मला त्याचे वाईट वाटत नाही, पण तुमच्या पूर्वीच्या पानांशी आजच्या पानांची तुलना कशी करणार? आणि कंपनीने छापलेला आकडा तर त्याहून परका. चाचणीसाठी कित्येक वर्षे जे भारतीय चालनचक्र होते, त्यात एकशेआठ सेकंदांचे एक आवर्तन सहा वेळा करीत, आणि कमाल वेग ताशी बेचाळीस. तेही रोलरांवर, छपराखाली. ना वारा, ना चिखल, ना फर्निचरचा टेम्पो. सतरा सेक्शनचे चक्र अजून कोणत्याही प्रयोगशाळेच्या दप्तरी दाखल झालेले नाही.

हिशेबी : एका भरण्याचा आकडा काही सांगत नाही, हे कबूल. पण टाकीचा गुण असा की, आज दोनशे मिलिलिटर जास्त गेले तर पुढच्या खेपेला तितकेच कमी लागतात. चूक साठत नाही. ती पुढच्या पानावर स्वतःच फिटते. म्हणून मी दर भरण्याचा भागाकार करणे सोडले, आणि वर्षभराचे किलोमीटर नि वर्षभराचे लिटर एवढेच घेतो. टायरांतली हवा कमी असलेला महिना, साखळीला तेल न घातलेला महिना, एअर फिल्टर चोंदलेला महिना वर्षाच्या हिशेबातही लपत नाहीत, असा माझा अनुभव आहे. इथेनॉलचे तुम्ही म्हणता ते खरे. तेथे मी पानाच्या मधोमध रेघ मारली आहे, राज्य बदलले की बखरकार मारतात तशी.

शंकेखोर : मग वर्षाचाच हिशेब करू. रोज तीस किलोमीटर, आणि तुमच्या कसरतीने ॲव्हरेज पन्नासाचे साठ झाले असे उदार मनाने धरतो. दिवसाला शंभर मिलिलिटर वाचले. पेट्रोल शंभर रुपयांपुढे गेलेले, तेव्हा दहा-अकरा रुपये. कामाचे दिवस धरले तर महिन्याचे अडीचशे-पावणेतीनशे. तुम्हांआम्हांसारख्याला ही रक्कम वहीत लिहिण्यापुरती आहे. परंतु उल्हासनगरात शिलाईच्या एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात जीन्सचे गठ्ठे पोचवणारा पोरगा घ्या. स्कूटरवर पायांच्या मध्ये एक गठ्ठा, मागे दोन, हँडलला पिशवी. त्याला मोबदला खेपेगणिक. दिवसात एक खेप जास्त झाली तर तुमचे ते अकरा रुपये त्याने दोनदा कमावले. त्याला तुम्ही पंचेचाळिसाचा उपदेश करणार? काटकसरीचा वेग हा ज्याचा पगार ठरलेला आहे त्याचा वेग आहे.

हिशेबी : त्या पोराला उपदेश करण्याची माझी हिंमत नाही. त्याच्या पाठीवर वजन आहे, म्हणजे प्रत्येक ब्रेक त्याला माझ्यापेक्षा महाग, आणि तरी घाई त्यालाच अधिक; ही गाठ मला सोडवता येत नाही. एवढेच सांगतो की, फॉरेस्ट नाक्यापाशी जो मला तावातावाने ओलांडून जातो, तो पुष्कळदा पुढच्या सिग्नलला माझ्या डाव्या हाताला पाय टेकून उभा असतो. त्याने पेट्रोल दिले, पण वेळ विकत मिळाला नाही. काटईच्या मोकळ्या रस्त्यावर मात्र वेळ खरोखर मिळतो, आणि तेथे त्याची किंमत ज्याची त्याने करावी.

शंकेखोर : आता शेवटचा मुद्दा, जो मी इतका वेळ राखून ठेवला होता. तुम्ही पंचेचाळिसाने, एकसारखे, ब्रेक न लावता जाता. कोठून? रस्त्याच्या मधून, कारण कडेला खड्डे आहेत. तुमच्या मागे दहा जण असतात. ते वेग घेतात, तुमच्यापाशी येऊन ब्रेक दाबतात, संधी साधून पुढे जाण्यासाठी पुन्हा रेस देतात. तुमच्याच सूत्राने प्रत्येकाचे मिलिलिटर मोजा. तुमच्या वहीत जी बचत जमा दिसते, ती त्या दहांच्या खात्यांतून आलेली नाही कशावरून?

हिशेबी : हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता, आणि तो मला अस्वस्थ करतो आहे. तरी उलट बाजूही आहे. जो मागचा माझा वेग पत्करून अंतर राखून चालतो, त्यालाही ब्रेक लावावा लागत नाही. मग मी त्याचे घेत नाही, त्याला देतोच. किती जण पत्करतात आणि किती जण हॉर्न वाजवतात, हे मात्र मला माहीत नाही, कारण माझी नजर पुढे असते.

शंकेखोर : उद्या सकाळी मी बेलवलीपासून तुमच्या मागे येतो. उल्हासनगरातल्या शांतीनगरपर्यंत मला किती वेळा ब्रेक दाबावा लागतो ते मोजतो, आणि तुमच्या वहीत तुमच्याच पेनाने लिहितो.

हिशेबी : अवश्य या. पण पन्नास पावलांचे अंतर ठेवून या, नाहीतर मोजणीला अर्थ राहणार नाही.

शंकेखोर : पन्नास पावले ठेवली तर मध्ये रिक्षा शिरेल.